सहा परके आणि तीन घरचे

परवा मंडळाच्या पोरांशी माझं चांगलंच वाजलं. शहापूरच्या मैदानाच्या भिंतीवर आमच्या ‘उत्तम खेळाडू’ बक्षिसाचा फलक रंगवायचा आहे. पहिल्या सालापासून आजवर ज्यांना ज्यांना ते मिळालं त्यांची नावं ओळीनं, आणि सोबत एक छोटी पुस्तिका. इंग्लंडातल्या ज्या बक्षिसावरून आम्ही हे उचललं त्याचा इतिहास त्या पुस्तिकेत यायचा आहे, आणि तो लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं आहे. पोरं म्हणाली, “काका, पहिलं नाव तुमचंच टाकू. इतक्या वर्षांनी कोण विचारतंय? रेल्वेकडून खेळलेले तुम्ही एकटेच.” मी म्हटलं, “पहिलं नाव यशवंताचं. माझं नाव त्या भिंतीवर कुठंच येणार नाही, आणि ते येत नाही याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा तुमच्यातल्या कुणाला स्वतःचं नाव आल्याचाही वाटायचा नाही.” पोरं एकमेकांकडं बघायला लागली. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असणार. त्यांचंही चुकलं नाही, कारण ही गोष्ट मी आजवर कुणाला नीट सांगितलेलीच नाही.

आमचं घर मुरबाड तालुक्यात, म्हसा गावापासून पायी अर्ध्या तासावर. पुढं ओटी, मागं चूल आणि डाव्या अंगाला गोठा. गोठा घरात होता की घर गोठ्यात, हे मला लहानपणी कळत नसे. बैल मान हलवायचे तेव्हा घुंगरांचा आवाज थेट ताटापर्यंत यायचा, आणि त्या आवाजावरून बाबा ओळखायचे की कुठला बैल उठला, कुठल्याला माशी चावली. आयची भाकरी थापायची लय आणि गोठ्यातली घुंगरं, या दोन आवाजांत माझं पोरपण गेलं. जेवायला तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि हिवाळा लागला की वाल. भात कापून झालं की त्याच खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पेरायचा, हा आमच्याकडचा रिवाज. आमच्या शेतातला वाल बारीक, काळपट, पोटाशी चपटा आणि चवीला कडू. बाजारातला गोरा, टपोरा वाल आय घरात येऊ देत नसे. “त्याला रूप हाय, चव नाय,” म्हणायची. मोड आणून, सोलून, वर खोबरं घालून ती बिरडं करायची आणि आम्ही भांडं निपटून काढायचो. आता सूनबाई पाकिटातला सोललेला वाल आणते. मी काही बोलत नाही, पण भांडंही निपटत नाही.

बाबांना पंचक्रोशीत सगळे रामभाऊ पारखी म्हणत. म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायला आलेला माणूस आधी बाबांना शोधायचा. बाबा बैलाच्या पाठीवरून एकदा हात फिरवत, खूर उचलून बघत, दात बघत आणि दोन शब्दांत निकाल देत. पण स्वतःच्या बैलाबद्दल विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं: “चार पाय हायत, शेपूट हाय. तुमीच बगा.” हे एकट्या बाबांचं नव्हतं, जुनी सगळी माणसं तशीच. आपल्या जनावराला आपण चांगलं म्हणायचं नाही. ते परक्यानं म्हणावं, तेही न विचारता. आपण म्हटलं तर एक तर ते खोटं असतं, नाही तर दृष्ट लागते. हा नियम बैलापुरता राहिला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण बाबांनी तो भाताला लावला, आयच्या बिरड्याला लावला आणि मलाही लावला. मी पहिल्या नंबरानं शाळा संपवली तेव्हा गुरुजी घरी सांगायला आले. बाबा म्हणाले, “हातपाय धड हायत त्याचे. बसा, चहा घ्या.” त्या दिवशी मी गोठ्याच्या मागं जाऊन रडलो होतो. आज खोटं कशाला बोलू?

फुटबॉल आमच्या गावात आणला सावंत गार्डांनी. हे आमच्याच गावचे, उभी नोकरी रेल्वेत काढलेली, बरीचशी कसाऱ्याला. निवृत्त होऊन आले तेव्हा सामानात एक लोखंडी ट्रंक, एक रेडिओ, एक चामडी चेंडू आणि इंग्रजी मासिकांचा ढीग. कुणी साहेब बदलून जाताना त्यांना ती मासिकं देऊन गेला होता. सगळं गाव कबड्डी खेळणारं. पहिल्या वर्षी आम्ही चेंडूमागं अशा कोलांट्या मारल्या की बायका पाणी भरायचं सोडून बघत उभ्या राहत. मैदान म्हणजे भात कापलेलं खाचर, पायाला धसकटं टोचत. मी गोलकीपर झालो त्याचं कारण एवढंच की मी सगळ्यांत उंच होतो आणि कबड्डीत पायाला झेप घालायची मला सवय होती. आमच्या गोलामागं लगेच बाबांचा वालाचा तुकडा. चेंडू आत गेला की वाल तुडवला जायचा आणि संध्याकाळी मला बोलणी बसायची. म्हणून मी चेंडू अडवायला शिकलो. लोक विचारतात की गुरू कोण. मी सांगतो, वाल.

संध्याकाळी गार्डसाहेब ओटीवर बसून ती मासिकं वाचून दाखवत, आमच्या भाषेत सांगत. त्यातलीच ही बक्षिसाची हकिकत. इंग्लंडात मोसमातला उत्तम खेळाडू कोण हे बरीच वर्षं वर्तमानपत्रांत लिहिणारे ठरवत. पुढं खेळाडूंची स्वतःची संघटना म्हणाली, आमच्यातला चांगला कोण ते आम्हीच ठरवू. ज्याला लाथ बसली त्यालाच ठाऊक कुणी मारली आणि कशी. मग सगळ्या संघांतले खेळाडू आपलं मत देऊ लागले. त्यात एक अट अशी की स्वतःच्या संघातल्या माणसाला मत द्यायचं नाही. पहिल्या वर्षी ते बक्षीस गेलं एका मागच्या फळीतल्या गड्याला, गोल मारणाऱ्याला नव्हे. ज्यांना त्यानं वर्षभर धडका देऊन आडवं केलं, त्यांनीच त्याला निवडलं. मग पार्टीचे कपडे घालून सगळे एका पंगतीला जेवले. गार्डसाहेबांनी हे सांगितलं तेव्हा बाबा शेजारी सुतळी वळत बसले होते. त्यांनी हात थांबवला आणि विचारलं, “त्या गोऱ्यांना म्हशाची जत्रा कुणी दाखवली?” आम्ही हसलो, पण बाबा हसले नव्हते. सातासमुद्रापलीकडच्या माणसांबद्दल बाबांना आदर वाटल्याचं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

(तिथं कोवळ्या खेळाडूंना वेगळं बक्षीस असतं, पुढं गोलकीपरही निवडले गेले, आता तर बायकांच्या खेळालाही आहे. माझी नात हे सगळं मोबाइलवर मला दाखवते आणि विचारते, “आजोबा, तुम्हाला हे आधीच कसं माहीत?” मी मिशीत हसतो.)

त्या हिवाळ्यात कल्याणला रेल्वेच्या संघासाठी निवड होती. निवडलं तर खेळायचं आणि पाठोपाठ नोकरी. गार्डसाहेबांनी माझं नाव परस्पर कळवलं आणि मग बाबांची परवानगी मागायला आले. घरात मी एकटा मुलगा, धाकटी बहीण सुमन. मी गेलो तर नांगर धरणार कोण, हा प्रश्न होताच. पण बाबांनी तो काढलाच नाही. ते म्हणाले, “गार्डसाहेब, बैल असता तर मी सांगितलं असतं. हा माझा पोरगा. माझ्या नजरेला त्याचं काय दिसनार? तुमी त्याला शिकवला, तुमचीबी नजर नको. तुमचं ते इंग्लंडवालं करा. शहापूरवाले खेळायला येत्यात नव्हं? त्यांनी याला उत्तम म्हटलं तर जाऊ दे कल्यानला. नाय म्हटलं तर वैशाखात शेताच्या मेरा बांधायला माझ्यासंगं.”

झालं. म्हशाची जत्रा उलगली आणि आठवडाभरानं शहापूरचा संघ एका ट्रकमधून आला. ती तालुक्याच्या गावची पोरं, त्यांच्या पायांत बूट. त्यांच्या पुढच्या फळीतला खेळाडू यशवंत, माझ्याच वयाचा, काटकुळा, पण चेंडू त्याच्या पायाला चिकटलेला. त्या दिवशी त्यानं मला जेवढं छळलं तेवढं पुढं रेल्वेत असतानाही कुणी छळलं नाही. मी त्याच्या पायांत झेपा घातल्या, कोपर सोलून निघाले, एकदा त्याचा बूट कपाळावर बसला आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. तरी उठलो. शेवटाकडं त्यानं डावीकडं बघितलं आणि उजवीकडं मारला. गोल झाला आणि चेंडू वालात गेला. एक शून्यानं आम्ही हरलो. गार्डसाहेबांनी त्यांची ती गाडी सोडायची शिट्टी वाजवली आणि खेळ संपला.

मत द्यायची तऱ्हा गार्डसाहेबांनीच काढली होती. आमच्यातल्या निम्म्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या नकोत. संक्रांतीची सुगडं घरोघर रिकामी पडलेली होती, ती बायकांकडून मागून आणली. बावीस सुगडांवर चुन्यानं खेळाडूंचे आकडे घातले आणि शाळेच्या खोलीत ती भिंतीशी मांडून वर फडकी टाकली. शहापूरच्या बाजारातून पावशेर वाल गार्डसाहेबांनी स्वतः आणला. एकेका खेळाडूनं एक दाणा घ्यायचा, एकट्यानं आत जायचं आणि समोरच्या संघातल्या ज्याला मानतो त्याच्या सुगडात टाकायचा. बक्षीस म्हणजे गार्डसाहेबांची तीच शिट्टी, हिरव्या झेंडीच्या कापडात ओवलेली. ती गळ्यात घालायला मिळावी म्हणून मी आधीचे आठ दिवस स्वप्नं बघत होतो. आणि शिट्टीपेक्षा मोठी गोष्ट तिच्यामागं उभी होती, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी यशवंताच्या सुगडात दाणा टाकला. दुसऱ्या कुणाच्या टाकणार? दुपारची वेळ, शाळेच्या मागच्या पडवीत बायकांनी पंगतीची तयारी चालवलेली, बिरड्याचा वास खोलीभर. सगळ्यांचं टाकून झालं आणि गुरुजींनी सुगडं बाहेर व्हरांड्यात आणली. बरीचशी रिकामी. कुणाच्या सुगडात एक, कुणाच्या दोन. यशवंताच्या सुगडात सात. मग गुरुजींनी एक नंबरचं, माझं सुगड ताटलीत पालथं केलं आणि बोटानं मोजलं. नऊ. आमच्या पोरांनी मला उचललंच. शहापूरवाले टाळ्या वाजवत होते, यशवंतसुद्धा. मी त्या उंचीवरून बाबांकडं बघितलं. गर्दीच्या कडेला डोक्याला फडकं गुंडाळून ते उभे होते. मला वाटलं, आता तरी.

बाबा पुढं आले. गुरुजींच्या हातातली ताटली त्यांनी घेतली, दाणे तळहातावर ओतले, उन्हाकडं धरले आणि बैलाचे दात बघावेत तसे वाकून बघितले. मग बोटाच्या टोकानं एक दाणा बाजूला सारला. दुसरा सारला. तिसरा सारला.  पोरांनी मला खाली ठेवलं.

“गुरुजी,” बाबा म्हणाले, “हे तीन माझ्या शेतातले. शहापूरवाल्यांपाशी माझं बी कुठून आलं?”

गुरुजींनी निरखून बघितलं. सहा दाणे गोरे, टपोरे. तीन बारीक, काळपट, पोटाशी चपटे. आंधळ्यालाही हातानं कळले असते. गार्डसाहेबांनी आमच्या बाजूची सगळी सुगडं पुन्हा मोजायला लावली. मतं देणारे शहापूरवाले अकरा आणि दाणे चौदा. “सात विरुद्ध सहा,” गार्डसाहेब हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी शिट्टी यशवंताच्या गळ्यात घातली. यशवंत ती गळ्यात घेऊन सरळ माझ्यासमोर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “माझा दाना याच्याच सुगडात हाय. सहातला एक माझा. आमी दुसऱ्या कीपरवर चार-चार मारतो, याच्यावर एकच गेला.” मी त्याच्याकडं बघितलंही नाही. माझे कान तापले होते. अख्ख्या दोन तालुक्यांसमोर माझ्या बापानं मला चोर ठरवलं, एवढंच मला कळत होतं.

पंगतीला मी बसलो नाही. तावातावानं घरी आलो आणि ओटीवर पडून राहिलो. कुणी केलं असेल? माझ्याच संघातलं कोणी तरी. एकेकाला मनातल्या मनात बुकलून झालं. दिवस कलायच्या आधी आय रिकामा टोप घेऊन परतली. मला बघून तिनं टोप खाली ठेवला आणि चुलीशी बसली.

“पोरांवर नको डोळे काढूस,” ती म्हणाली. “मी टाकलं ते.”

मी उठून बसलो.

“पडवीतून आत गेले. तुज्या आकड्याचं सुगड माजंच, वळखायला काय? शाळेत सगळी पोरं मत देत्यात, आन घरच्यांनी का नाय द्यावं? एक माजा. एक सुमनचा, तिनं हट्टच धरला. आन एक त्यांचा.”

“बाबांनी दिला?” मी विचारलं.

“ते काय देतात? त्यांच्या वाटचा मीच टाकला. उभा जनम बगते ना मी. तू झेप घेतलीस का त्यांच्या हातातली सुतळी सुटते. त्यांना म्हनता येत नाय, तर कुनीतरी टाकाया नको?”

बोलता बोलता तिनं वर बघितलं, तर बाबा दारात उभे होते. पाय धुवायला पाण्याचा तांब्या हातात, तो तसाच. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आयनं पदर सावरला. आता काय ते होईल म्हणून मी वाट बघत होतो. बाबांनी पाय धुतले, तांब्या जागेवर ठेवला आणि कमरेच्या चंचीतून ते तीन दाणे काढून आयपुढं धरले. “त्यातला माजा कंचा?” त्यांनी विचारलं. आयनं बघितलं, जरा विचार केला आणि एकावर बोट ठेवलं. तिला तरी काय कळणार, तिन्ही सारखेच. पण बाबांनी तो एक परत चंचीत ठेवला, दोन तिच्या हातावर दिले आणि गोठ्यात गेले. त्या रात्री मी बाबांशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मेरांचं काम ठरलंच आहे असं धरून मी कुदळीला नवा दांडा बसवायला घेतला.

चौथ्या दिवशी सकाळी बाबांनी मला हलवून उठवलं. “चल. फाट्यावर सोडतो. कल्यानची गाडी चुकंल.” मला आधी समजलंच नाही. आयनं भाकरी बांधून ठेवली होती, म्हणजे तिला आदल्या दिवशीच ठाऊक होतं. बैलगाडीत मी मागं, बाबा पुढं.  वाटेत वालाच्या शेंगांवरचं दव वाळत होतं. फाटा आला तेव्हा मी धीर करून म्हणालो, “बाबा, मी तर हरलो व्हतो. तुमची अट व्हती.”

“अट व्हती परक्यांनी सांगायची,” बाबा म्हणाले. “सहांनी सांगितलं. त्यातला एक जिंकलेला. जत्रंत एवढी मानसं एका बैलाला चांगलं म्हनली तर मी डोळं मिटून घेईन तो.” मग त्यांनी चंची सोडली. “सुगडात घरचा दाना चालत नाय. ते मी शंभर येळा काढीन, कितीबी लोक असू दे. माजा पोरगा खोट्यावर मोठा झालेला मला नको. पन आता मोजनी झालीया. शिट्टी ज्याची त्याला गेली. आता दिला तर कुनाचं नुसकान नाय.” आणि तो काळपट, चपटा दाणा त्यांनी माझ्यापुढं धरला.

पुढं मी रेल्वेकडून बरीच वर्षं खेळलो. कप मिळाले, फोटो निघाले, कपाट भरलं. परक्यांनी पुष्कळ चांगलं म्हटलं. ते सगळं कपाटात आहे आणि सूनबाई दिवाळीला पुसते. पण आमच्या घरच्या माणसाचं मत मला एकदाच मिळालं आणि तेही मोजणीत नसलेलं. भिंतीवर लिहायला ते चालणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर पोरांशी वाजलं.

तो दाणा मी घ्यायला गेलो आणि काय सांगू, आदल्या रविवारी धावत्या यशवंताच्या पायातून चेंडू काढणारा मी, माझ्या हातातून तो पडला. फाट्यावरच्या धुळीत गेला. लांबून एस.टी.चा आवाज यायला लागला तेव्हा आम्ही दोघं, बाप आणि लेक, रस्त्यात उकिडवे बसून तो शोधत होतो. बाबांना सापडला. त्यांनी धोतराला पुसून माझ्या मुठीत ठेवला, मूठ आपल्या हातानं मिटली आणि म्हणाले, “आता सोडू नको.”